ॲक्सियनमुळे क्ष-किरणांचं ध्रुवण: गणित कसं मांडावं?

प्रश्न (इंदूर): दीर्घिकासमूहातून येणारे अध्रुवित (विद्युतक्षेत्राला ठरावीक दिशा नसलेले) क्ष-किरण ॲक्सियनसदृश कणांमुळे (सिद्धांतात मांडलेले, अजून न सापडलेले हलके कण) ध्रुवित, म्हणजे एका दिशेला झुकलेले, कसे होतात? इंदूरच्या अभ्यासगटात रविवारी मांडायचंय.

उत्तर १: चुंबकक्षेत्राचा प्रवासाला आडवा घटक घ्या. ज्यांचं विद्युतक्षेत्र त्याला समांतर, तेच फोटॉन ॲक्सियन होतात. लंब तसेच सुटतात. १०० फोटॉन घ्या, ५० समांतर, ५० लंब. समांतर ५० पैकी ५ गेले, तर उरले ४५ आणि ५०. ध्रुवण म्हणजे फरक भागिले बेरीज: ५/९५, म्हणजे ५.३ टक्के.

उत्तर २: दादा, हे एकाच दिशेच्या क्षेत्रासाठी. समूहात चुंबकक्षेत्र मायक्रोगॉसचं (गॉसच्या दशलक्षांशाचं) आणि दिशा किलोपार्सेकांच्या (हजारो प्रकाशवर्षांच्या) अंतरात वळते. संगणकावर क्षेत्राच्या शेकडो यादृच्छिक मांडण्या चालवा, नाहीतर उत्तर फुगतं.

उत्तर ३: ध्रुवणांश (किती टक्के ध्रुवण) कधी ऋण येत नाही, म्हणून फोटॉन कमी असले की नुसता गोंगाटही ध्रुवण वाटतो. त्याऐवजी स्टोक्सचे क्यू, यू (ध्रुवण सांगणारे, ऋणही येऊ शकणारे दोन आकडे) थेट गणिताशी जुळवा. एक्सपोसॅट या भारतीय उपग्रहावरचं पोलिक्स हे उपकरण क्ष-किरणांचं ध्रुवण ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट मोजतं, हेही सांगा.