केमन जीटी४ घेऊ का? दुसरा गिअर १३७ पर्यंत जातो, आणि आवाज फिल्टरने दाबलाय म्हणतात

सिंडेलफिंगेनचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, जर्मनीत सात वर्षं झाली, आता मनासारखी गाडी घ्यायची म्हणून पैसे बाजूला टाकत आलोय आणि नजर एकाच गाडीवर आहे, पोर्शची ७१८ केमन जीटी४, ४ लिटर, सहा गिअर मॅन्युअल. २०२१ ची एक सेकंडहँड बघून आलो. सीट, स्टिअरिंग, ब्रेक सगळंच असं आहे की उतरावंसं वाटेना. पण दोन गोष्टी डोक्यात घोळतायत.

एक म्हणजे गिअर. विकणारा शेजारी बसला होता, मी दुसऱ्यात दाबली आणि गाडी संपेचना, तोवर शंभरचा बोर्ड आला आणि मी सोडून दिली. घरी येऊन हिशोब केला, दुसऱ्याचा रेशो १.९५, फायनल ड्राइव्ह (गिअरनंतरचा, चाकांआधीचा शेवटचा रेशो) ३.८९, मागे २९५/३० चे २० इंची टायर, म्हणजे ८००० आरपीएमला दुसरा गिअर ताशी १३७ च्या आसपास आणि तिसरा १८८. इथल्या गावाबाहेरच्या रस्त्यांना मर्यादा १०० ची. मग सहापैकी मी वापरणार किती?

दुसरं सायलेन्सर. स्पोर्ट एक्झॉस्टचं बटण दाबलं तर फरक पडला पण जुन्या सिक्स सिलिंडरचा जो किंचाळता आवाज डोक्यात होता तो नाही मिळाला. ओपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यामुळे असं म्हणतात. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी सांगा, रोज खटकतं का हे? की दोन महिन्यांनी विसरायला होतं? मी सध्या मॅन्युअल गोल्फ जीटीआय चालवतो, तिचे गिअर पटापट संपतात त्यामुळे असेल कदाचित पण हे फार जाणवलं.

---

घाटवाट

माझ्याकडे तीन वर्षं आहे हीच गाडी, मॅन्युअलच, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी राहतो त्यामुळे ब्ये ५०० हा डोंगरातला महामार्ग आणि तिच्या आजूबाजूचे वळणावळणाचे रस्ते दर रविवारी असतातच. तुमचा हिशोब बरोबर आहे. आणि खटकतं का, तर हो, पहिले काही महिने खटकलं. खोटं कशाला बोलू.

पण नक्की कशामुळे खटकतं ते समजून घ्या. या इंजिनाचा ४२० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, ५००० ते ६८०० आरपीएममध्ये आहे आणि ४२० पीएस (हॉर्सपॉवर) ७६०० ला. म्हणजे गाडीचा जीव पाच हजाराच्या वर. आता ताशी १०० ला तुम्ही तिसऱ्यात असाल तर सुई जेमतेम ४२५० वर, म्हणजे खरा भाग सुरू व्हायच्या आधीच मर्यादा आली. त्याच वेगाला दुसऱ्यात असाल तर ५८५०. इथेच सगळी गोम आहे. जीटीआयच्या सवयीने आपण ४५०० ला तिसरा टाकतो कारण टर्बोला तेवढं पुरतं, इथे तसं केलं की सुई सव्वातीन हजारावर येऊन पडते आणि माणूस म्हणतो गाडी मेलेली आहे. मेलेली नाही हो, तुम्ही तिला झोपवलीत!

मी काय केलं तर दुसऱ्यातून बाहेर यायचंच सोडलं. गावात ५० ला दुसऱ्यात २९०० आरपीएम, शांतपणे चालते. गाव संपलं, बोर्ड गेला, तिथून शंभरपर्यंत एकच लांब खेच, मध्ये हात गिअरला लावायचाच नाही, आणि घाटात दोन वळणांमध्ये गिअर न बदलता इंजिनवरच वेग कमी-जास्त करायचा. यात एक वेगळीच मजा आहे जी मला आधी माहीत नव्हती, उजवा पाय फार बारीक काम करायला शिकतो. मात्र गिअर टाकायचीच ज्याला हौस आहे, आणि या गाडीचा गिअर लिव्हर खरंच हौस लावणारा आहे, छोटी चाल आणि खटका इतका स्वच्छ, त्याला हे कमी पडणार. मलाही पडतं. मग मी ऑटोब्लिप (गिअर उतरवताना गाडीने आपोआप आरपीएम वाढवणं) बंद करून स्वतः हील-टो करत (एकाच पायाने ब्रेक आणि एक्सलेटर दाबत) गावांच्या आधी मुद्दाम चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असं उतरतो.

ट्रॅकवर मात्र हेच रेशो शहाणे वाटतात. रेडलाइनला, म्हणजे ८००० आरपीएमला, दुसऱ्यातून तिसरा टाकला की सुई ५८०० वर पडते, तिसऱ्यातून चौथा टाकला तर ६४०० च्या आसपास, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्याच्या बाहेर जातच नाही. हॉकेनहाइमला गेलो तेव्हा एकदाही गिअर लांब वाटले नाहीत.

आवाजाबद्दल रात्री लिहितो, ते मोठं आहे.

---

वेल्सवारी

माझी आधीच्या पिढीची, ९८१ जीटी४, २०१६ ची, ३.८ लिटर ३८५ पीएस. तिला ओपीएफ नाही आणि गिअर रेशो हेच सगळे. म्हणजे लांब गिअरची तक्रार नवी नाही, तेव्हापासूनची आहे. वेल्समध्ये ६० मैलांची मर्यादा, तुमच्या शंभरच्या जवळपासच आली, तेव्हा परिस्थिती सारखीच.

मित्राच्या ७१८ मध्ये बसलोय, चालवलीय पण. इंजिन त्याचं सरस आहे, वरच्या टोकाला जास्त मोकळं धावतं, आठ हजारापर्यंत थकत नाही. पण आवाजाला धार माझ्या गाडीत आहे. बोगद्यात काच खाली केली की अंगावर काटा येतो अजून, नऊ वर्षांनी. आवाज हाच जर तुमचा पहिला मुद्दा असेल तर ९८१ पण एकदा चालवून बघा, पैसे पण वाचतील.

एक मात्र ऐका. क्राउन-पिनियन बदलून फायनल ड्राइव्ह आखूड करणारे लोक आहेत. मी एका मालकाची तशी गाडी चालवली, साधारण १० टक्के आखूड, दुसरा गिअर १२४ च्या आत संपतो आणि गाडी एकदम जागी वाटते, दुसऱ्यातून तिसरा टाकायला कारण मिळतं. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो, वॉरंटी असेल तर ती जाते, आणि जर्मनीत कागदावर चढवायला ट्यूफकडे (गाड्या तपासणारी संस्था) जावं लागेल. त्या भानगडीत पडण्याआधी वर्षभर आहे तशीच चालवा.

---

घाटवाट

हं, आता आवाज.

ओपीएफ म्हणजे सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, त्यातली भोकं एकाआड एक बंद केलेली, त्यामुळे धूर सरळ जाऊच शकत नाही, बारीक छिद्रांच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. सप्टेंबर २०१८ पासून युरोपात नव्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांना कणांची मर्यादा डिझेलएवढीच कडक झाली म्हणून हे आलं. या गाडीत दोन आहेत, प्रत्येक बाजूला एक. आता आवाज म्हणजे शेवटी दाबाच्या लाटाच ना, त्या भिंतीतून जाताना वरचा तीक्ष्ण सूर आधी मरतो आणि खालचा घुमारा उरतो. तुम्हाला किंचाळणं नाही मिळालं ते म्हणूनच.

पण मी तीन वर्षांत शिकलो ते हे की या गाडीत ऐकायचं ते मागे नाही, पुढून येतं, म्हणजे तुमच्या पाठीमागून पण सायलेन्सरच्या पुढून! इंजिन सीटच्या मागेच आहे आणि हवा ओढण्याचा आवाज थेट कानाशी. ४५०० ला एक्सलेटर पूर्ण दाबा आणि स्पोर्ट एक्झॉस्ट बंद ठेवा, मुद्दाम बंद, मग कान देऊन ऐका. साडेपाच हजाराच्या पुढे जो खरखरीत धातूचा सूर चढत जातो तो इनटेकचा आहे, फिल्टरचा त्याच्याशी काही संबंध नाही. ५०० पीएसवाली जीटी४ आरएस आली तेव्हा तिच्यात तर हवेचे तोंड थेट दाराच्या मागच्या छोट्या काचेच्या जागी दिलंय, तिचा आतला तो वेडा आवाज त्याचाच आहे.

मी चूक केली ती सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्याच वर्षी बाहेरचा मागचा सायलेन्सर बसवला, कागद पक्के होते, आवाज बाहेरून छान, शेजारी उभ्या माणसाला आवडेल असा. आत मात्र २५०० च्या आसपास असा घुम्म घुम्म आवाज धरायचा की म्युनिकपर्यंतच्या प्रवासात बायकोचं डोकं दुखायला लागलं आणि माझंही. चार महिन्यांत काढून मूळचा परत लावला. आणि ओपीएफ काढून टाकायचा विचार तर मनातही आणू नका, गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच रद्द होते, विमा अडतो, आणि तुम्ही परदेशी माणूस, कशाला ते.

अजून एक, कमी आरपीएमला हळू चालवताना आवाज अचानक बसका, तीन सिलिंडरसारखा वाटला तर घाबरू नका, हलक्या लोडला एका बाजूचे तीन सिलिंडर बंद होतात, इंधन वाचवायला. माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद केलं की हेही बंद होतं. मी बसलो की पहिलं तेच दाबतो.

---

कोथरूड_ते_कोलोन

मी याच केमनची जीटीएस ४.० घेतली, ४०० पीएस, पीडीके, म्हणजे क्लचशिवायचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मला माहीत आहे मॅन्युअलवाले नाराज होतील पण पुणेकर दादांनी गिअरचं विचारलंय म्हणून सांगतो, पीडीकेला सात गिअर आहेत आणि खालचे आखूड आहेत, त्यामुळे शंभरच्या आत दोन-तीन बदल सहज मिळतात. जीटी४ मध्ये पण हा फरक कंपनीच्या आकड्यांत दिसतो, शून्य ते शंभर मॅन्युअल ४.४ सेकंद आणि पीडीके ३.९. अर्धा सेकंद गिअरबॉक्समुळे, इंजिन तेच. लाँच कंट्रोल वगैरे आहे त्यात पण नुसतं रस्त्यावर चालवतानाही गाडी जास्त चपळ वाटते.

आणि शेजाऱ्यांचा विचार करा. माझ्या गल्लीत सकाळी सहाला गाडी काढावी लागते, थंड इंजिन सुरू होतं तेव्हा पहिलं मिनिटभर ती मोठ्याने बोलतेच. विनाकारण आवाज केल्याबद्दल इथे ८० ते १०० युरो दंड आहे. मला तर फिल्टरवाला आवाज पुरेसा वाटतो, खरंच. वेल्सवारींचा बोगदा मान्य आहे, पण रोज बोगदा कुठे असतो.

---

सिंडेलफिंगेनचा_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे काल परत गेलो, विकणाऱ्याला विनंती करून तीच गाडी अर्धा तास नागोल्डच्या बाजूला नेली, स्पोर्ट एक्झॉस्ट बंद, ऑटोब्लिप बंद, आणि दुसऱ्यातून बाहेर आलोच नाही. चढाला वळणातून बाहेर पडताना ४५०० पासून दाबली आणि ५५०० नंतर तो आवाज ऐकला. पहिल्या वेळी मी तिथवर पोचलोच नव्हतो, आधीच सोडून दिली होती! गिअर लांब आहेत हे अजूनही वाटतं, शंभरला सोडावीच लागते. पण अर्ध्या तासात मला एकदाही तिसऱ्याची आठवण झाली नाही.

पीडीके नको, डावा पाय रिकामा बसलेला मला चालणार नाही. ९८१ जवळपास चांगली मिळत नाहीये.

तर हीच घेतोय बहुतेक. शनिवारी तपासणी आहे. काय काय बघायला सांगू?

---

घाटवाट

अभिनंदन आधीच! सगळ्यात पहिलं ओव्हररेव्ह रिपोर्ट (इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं ते) काढायला सांगा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये सहा रेंजमध्ये नोंद असते. पहिल्या दोन-तीन रेंजमध्ये आकडे असणारच, रेडलाइनला लागली की नोंद होते, त्याची काळजी नको. वरच्या, ४ ते ६ मधल्या नोंदी म्हणजे कुणीतरी वेगात चुकून खालचा गिअर टाकलाय, पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा वगैरे. तिथे आकडा असेल तर तो किती इंजिन तासांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर गाडी किती चालली ते विचारा. अगदी अलीकडचा असेल तर सरळ सोडून द्या, दुसरी मिळेल.

मग मागच्या टायरवरची निर्मितीची तारीख, ब्रेक डिस्कच्या भोकांभोवती बारीक तडे, आणि पुढच्या बंपरखालचं प्लास्टिक किती घासलंय ते. सायलेन्सर मूळचाच आहे ना, आणि नसेल तर कागद आहेत का. नोंदणीच्या कागदावर यू.१ ला उभ्या गाडीचा आवाज किती ते लिहिलेलं असतं, बदललेला असेल तर त्याच्याशी जुळवून बघा.

घेतलीत की सांगा, पहिल्या रविवारी ब्ये ५०० ला येतो, मुम्मेलझे तलावाच्या पार्किंगमध्ये भेटू, सकाळी सातच्या आत, त्यानंतर तिथे बसगाड्या येतात.