दुसरी-तिसरीचं सगळं खेळ आणि वाचनातून होतं का? (घरशाळा चर्चा)

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

घरशाळेचा (मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा) विषय निघाला की गाडी लगेच 'मुलं एकलकोंडी होतात का' या वळणावर जाते. इथे ते नको. माझं म्हणणं एवढंच: सहा ते नऊ वयाच्या मुलाला विषयवार तास लावायची गरज नाही. रोजचे खेळ आणि रोजचं वाचन यांत भाषा, गणित आणि परिसर अभ्यास बसतो. फक्त मोठ्या माणसाने खेळायला बसलं पाहिजे आणि नोंद ठेवली पाहिजे.

उदाहरणाला चल्लस आठ, हा कवड्यांचा पटावरचा खेळ घेते. फरशीवर खडूने ५ × ५ चा पट. बाहेरच्या फेरीत १६ घरं, आतल्या फेरीत ८, मध्ये १. चार कवड्या. जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. (गावोगाव नियम बदलतात, त्यावरून इथे भांडू नका.) सोंगटी सहा घरं लांब असली की मूल ४ + २, ३ + ३ अशा फोडी सांगितल्याशिवाय करतं.

चार-सहा डाव झाले की कागद घ्या. ५० दानं टाकायची, प्रत्येक दानापुढे रेघ मारायची. 'सगळी सारखीच पडतील' असं मूल आधी म्हणणार. दोनची रांग मात्र सर्वात लांब होते. कवड्यांवर चार वेगळ्या रंगांचे ठिपके द्या आणि पडण्याचे सगळे प्रकार मांडून दाखवा. ते १६ भरतात. त्यात दोनचे ६, एक आणि तीनचे ४-४, चार आणि आठचा फक्त १-१.

कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात, पण तिथे गणित फिरतं. अर्धा चिंचोका दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. आधी एकच तुकडा ५० वेळा टाकून बघा. पांढरी बाजू ३५ वेळा वर आली, आणि चारही तुकडे साधारण तसेच असले, तर पटावर दोनऐवजी तीन जास्त पडणार आणि आठ शंभर-सव्वाशे दानांत एखादंच. कुठला तुकडा कुणाच्या हातात जातो यावर मुलं भांडायला लागली की संभाव्यता शिकवून झाली समजा. हे तिसरीच्या पुस्तकात नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला कळतं.

हातचा_एक

असहमत. चल्लसबद्दल नाही, ते मस्तच आहे. 'सगळं होतं' याबद्दल.

खेळात मुलाला जे लागतं तेच येतं. चल्लसला छोट्या बेरजा लागतात, त्या येतात. हातच्याची वजाबाकी कुठल्याच दानात लागत नाही. ५२ − २७ कागदावर द्या. खेळून गणित शिकलेलं मूल बऱ्याचदा ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. हा आळस नाही, त्याने स्वतःच बनवलेला नियम आहे, आणि तो मोडावा लागतो. त्यासाठी खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या, रबर. पाच जुड्या आणि दोन सुट्या. सत्तावीस मागा. सुट्या पुरत नाहीत म्हणून एक जुडी सोडावी लागते, हे हाताने झालं की शेजारी लगेच आकड्यात लिहायचं. काड्या आज आणि लिहिणं पुढच्या आठवड्यात असं केलं तर दोन्हींचा संबंध लागत नाही. रोज १५ मिनिटं, दोनेक आठवडे. याला मी तासच म्हणतो.

दुसरी अडचण आपल्या संख्यानावांची. 'छत्तीस' ऐकताना सहा आधी येतो आणि लिहिताना तीन, म्हणून ३६ चे ६३ होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'तीस सहा' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे आणि कवड्यांनी सुटत नाही.

माचीवरचा

गणिताचं तुम्ही दोघं बघा. परिसर अभ्यासाच्या बाजूने मी पाटीपेन्सिल यांच्याकडे झुकतो, कारण दिवाळीचा किल्ला.

किल्ला करतातच, मग एक शाडूचा १५ सेंमी उंच करा, पसरट टबात बसेल एवढा. उभा कडा, एक माची, वर बालेकिल्ला. मग टबात ३ सेंमी पाणी ओता आणि पाण्याची रेघ जिथे टेकते तिथे आगकाडीने किल्ल्याभोवती कोरा. आणखी ३ सेंमी, पुन्हा कोरा. असं वरपर्यंत. पाणी काढून बरोबर वरून बघितलं की कड्याजवळ रेघा चिकटलेल्या दिसतात आणि माचीवर लांब लांब. समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) पुढे पुस्तकात भेटतात तेव्हा मुलाला त्या ओळखीच्या असतात.

बिघडतं ते इथे: किल्ला पूर्ण वाळू दिला तर पाणी लागताच शाडू ढासळून चिखल होतो. कोरडी माती पाणी भराभर शोषते आणि सुटते. ओलसर पण घट्ट असतानाच हे उरकायचं. अंगणातली माती तर नकोच.

इतिहासातल्या सनावळीसाठी चार मीटर दोरी, १ सेंमी म्हणजे १ वर्ष. सुरुवातीला १६३० चा, शिवाजी महाराजांच्या जन्माचा, चिमटा. ४४ सेंमीवर राज्याभिषेक (१६७४), १८८ वर पेशवाईचा शेवट (१८१८), ३१७ वर १९४७, ३३० वर महाराष्ट्र राज्य. 'आजोबा शिवाजी महाराजांच्या वेळी होते का?' हा प्रश्न मग मूल विचारत नाही, मोजून बघतं.

हातचा_एक

किल्ला छान, दोरी त्याहून छान. पण दोरी हा खेळ नाही, तो नियोजन केलेला पाठ आहे. माझ्या बाजूनेच पुरावा दिलात.

रफार

वाचनाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून. मराठीत मूल 'वाचतंय' असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा ते पाठ झालेली गोष्ट म्हणत असतं किंवा चित्रावरून ओढत असतं. तपासायचं तर चित्र झाकून मधल्या पानावरची मधली ओळ बोटाने दाखवा. अडलं तर कुठे अडलं ते बघा, बहुतेक वेळा र असतो. 'कर्म' आणि 'क्रम', 'अर्क' आणि 'चक्र', 'वर्ग' आणि 'अग्र'. मनातल्या मनात वाचणारं मूल संदर्भावरून पुढे निघून जातं, गोष्ट तर कळते, त्यामुळे ही चूक वर्षभर लपून राहते.

यावर खेळ चालतो. अशा शब्दांच्या वीस चिठ्ठ्या पालथ्या मांडायच्या, एकेका वेळी दोन उलटायच्या. दोन्ही शब्दांत र डोक्यावर असला, किंवा दोन्हींत पायाशी असला, तर जोडी. पण मोठ्याने वाचल्याशिवाय जोडी मिळत नाही, हा नियम कडक ठेवा. नुसत्या आकारावरून जोड्या लावल्या तर काहीच साधत नाही.

शुद्धलेखन मात्र भरपूर वाचून येतं यावर माझा विश्वास नाही. डोळ्यांना 'पाणी' दिसतं आणि हात 'पाणि' लिहितो. कालच्याच पानावरची तीन वाक्यं श्रुतलेखनाला द्या आणि एका वेळी एकच नियम तपासा. पहिला: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. 'आणि' अपवाद, 'परंतु'सारखे संस्कृतातून आलेले काही शब्दही. पाच नियम एकदम तपासले की पान लाल होतं आणि दुसऱ्या दिवशी मूल वही लपवतं.

दाखला_आहे_का

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. घरशाळेला त्यात स्पष्ट परवानगी नाही, बंदीही नाही. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण पालकांना शिक्षेची तरतूद नाही. मध्येच शाळेत घालायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे आठ वर्षांचं मूल तिसरीच्या आसपास बसणार, त्याला वजाबाकी येवो न येवो. पुढे एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून) दहावी देता येते, वय किमान १४. राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) अर्ज भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. कधीच शाळेत नाव नसलेल्या मुलाचं घोडं तिथे अडतं. याचा विचार पहिलीलाच करा, नववीत नको.

पाटीपेन्सिल

रफार, चिठ्ठ्यांचा खेळ उचलते. श्रुतलेखनाचं मान्य.

हातचा_एक, तुमचा हातचा खेळात येतो. व्यापारासारखा डाव घ्या, पण नोटा फक्त दहाच्या आणि एकच्या ठेवा. मुलाकडे ५२ म्हणजे दहाच्या पाच, एकच्या दोन. भाडं २७. बँकेतून दहाची नोट सुटी करून आणल्याशिवाय देताच येत नाही. हीच तुमची सोडलेली जुडी, फक्त मूल ती स्वतःहून सोडतं. (खऱ्या दुकानात हे आता होत नाही. सगळे क्यूआर दाखवतात, सुटे कुणाकडे नसतात.)

हातचा_एक

मूल तुमच्याहून हुशार असतं. ते दहाच्या तीन नोटा पुढे करून म्हणेल, तीन परत द्या. व्यवहार बरोबर, हातचा गायब. 'नेमकी रक्कम द्यायची, उरलेले परत मिळणार नाहीत' हा नियम आधीच लावा, नाहीतर डावात हे शिकणं घडतच नाही. शंभराच्या नोटा आल्या की आणखी घोळ. ३०२ − १४८ मध्ये दशकाच्या जागी शून्य आहे. शंभर सुटे करून दहाच्या दहा, मग त्यातली एक सुटी करून एकच्या दहा, असं दोनदा बँकेत जावं लागतं.

एक काम करा. महिनाभर तुमच्या पद्धतीने खेळा, मग नोटा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर तीन गणितं द्या: ५२ − २७, ३०२ − १४८, ४०० − १६३. उत्तरं ३५, २४६, ३६३ आली तर जुना नियम शाबूत आहे आणि नोटांचा उपयोग झालेला नाही.

पाटीपेन्सिल

घेते. पण तोंडी बरोबर आलं तर? ३०२ मधून १४८ काढताना मूल १४८ वर २ म्हणजे १५०, मग ५०, मग १०२, एकूण १५४ असं चढत जाऊ शकतं. ते उत्तर चूक धरणार का?

हातचा_एक

नाही. दुसरीपुरतं पूर्ण गुण. मात्र पुढे संख्या चार अंकी होतात, तोंडी चढताना मधला एखादा टप्पा हमखास विसरतो. तेव्हा टप्पे खाली लिहून दाखवायला सांगा, आणि उभी मांडणी त्यांच्या शेजारीच.

माचीवरचा

कुणी शाडूचा किल्ला केलाच तर सांगून ठेवतो, टबातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. गाळ पाइपात बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची शाडू पुढच्या किल्ल्याला.