कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल लेखीच हवी: पटतं का?

बालाघाटकर:
दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या बेळगाव, बागलकोटकडे निघतात. माझं म्हणणं एकच: उचलीची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांची, नोंदवही हातात पडल्याशिवाय ट्रक हलू नये. हिशोब बघा. जानेवारी 2024 मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला 366 रुपये. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, रोज दोन टन तोडला तरी शंभर दिवसांचे 73,200. उचल लाखाची असेल तर 26,800 अंगावर राहिले, आणि यात खाडे आणि आठवडी बाजाराची खर्ची धरलेलीच नाही. शिवाय तो करार महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा. सीमा ओलांडली की मुकादम सांगेल तो दर.

गोदाकाठ:
सक्ती केलीत तर आधी उचलच आटेल. पेरणी, लग्न, दवाखान्याला बिनतारण लाख रुपये कोणती बँक देते? मुकादम देतो, तेही कारखान्याचे पैसे स्वतःच्या जबाबदारीवर उचलून. एकाच कोयत्याने दोन मुकादमांची उचल घेतली की बुडतो मुकादमच. आणि लेखी म्हणजे तुम्ही मजुराचं कर्ज पक्कं करून देताय.

बालाघाटकर:
दुहेरी उचल पकडायलाही नोंदच लागते ना? कर्जाचं म्हणाल तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात 1985 साली स्पष्टीकरण घातलंय: वेठबिगारीची लक्षणं दिसली तर आंतरराज्य स्थलांतरित मजूरही वेठबिगारच. तसं ठरलं की कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. पण पैसे कोणी, कधी, कशापोटी दिले हे तहसीलदारापुढे नुसत्या तोंडाने कसं सिद्ध करणार?

तेरणाथडी:
दोघांनीही कारखान्याला मोकळं सोडलंत. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पाच मजुरांपासून लागू व्हायचा, कामगार सुरक्षा-आरोग्याच्या 2020 च्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली. दहा कोयते म्हणजे वीस माणसं, टोळी सहज बसते. दर खेपेची वजनकाट्याची पावती टोळीला मिळावी, ही मागणी कारखान्याकडे करा.
तोवर निघण्याआधी एवढं तरी करा: ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या, रेशन कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी उरका. पाचटाने बोटं घासली की रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. मग घरातल्या दुसऱ्याचा तरी लागतो. कार्ड गावी म्हाताऱ्यांकडे राहिलं तरी कर्नाटकात त्याच्या नंबरावर धान्य मिळतं. मात्र त्या महिन्याचं सगळं धान्य गावात उचललं असेल तर तिकडे हात हलवत परत.

गोदाकाठ:
पावतीची मागणी मान्य. पण एका ट्रॅक्टरात पाच-सहा कोयत्यांचा ऊस भरतो, पावती एकच. वाटा मोळ्या मोजून पडतो आणि मोजतो मुकादमच. त्याला पर्याय सांगा.

तेरणाथडी:
टोळीतल्या लिहिता-वाचता येणाऱ्या दोघांनी, एका घरातले नकोत, भरतानाच कोयत्यागणिक मोळ्या वहीत उतरवायच्या. ट्रॅक्टरवाल्याने काट्यावरच पावतीचा फोटो पाठवायचा. पावती कानडीत असली तरी आकडे वाचता येतात: भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं. हिशोब दर पंधरवड्याला मुकादमासमोर जुळवा, हंगाम संपेपर्यंत थांबलात तर मोळ्या कोणालाच आठवत नाहीत.