फायरफॉक्स डेब, स्नॅप आणि १४ दिवसांची सूचना

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ‘अपडेट बाकी आहे, अ‍ॅप बंद करा, १३ दिवस उरले’ ही सूचना का येते, आणि ॲप्टने (उबुंटू या लिनक्स प्रणालीतलं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) फायरफॉक्स टाकूनही स्नॅपच का बसतो. डेब आणि स्नॅप हे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवायच्या पॅकेजचे दोन प्रकार; ॲप्ट डेब बसवतं.

पहिली गोष्ट घाबरण्यासारखी नाही. चालू असलेल्या स्नॅपचं अपडेट उबुंटू साधारण १४ दिवस थांबवून ठेवतं. फायरफॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करा, टर्मिनलमध्ये ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’ द्या, झालं. स्नॅप स्टोअरच अपडेट होत नसेल तर तो पार्श्वभूमीत चालू असतो, म्हणून आधी ‘किलऑल स्नॅप-स्टोअर’.

दुसरी खरी गोम. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून त्याच्या भांडारातलं (ॲप्ट जिथून पॅकेज उतरवतं तो साठा) फायरफॉक्सचं डेब हे नुसतं कवच आहे, ते आतून स्नॅपच बसवतं. त्याच्या आवृत्तीची सुरुवात ‘१:१स्नॅप१’ अशी आहे. ‘:’ या चिन्हाआधीचा तो १ म्हणजे इपॉक, आवृत्त्यांची तुलना करताना ॲप्ट सगळ्यात आधी बघतं तो आकडा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या डेबला इपॉक नाही, त्यामुळे त्याचा आकडा १२२ असो की १४०, ॲप्टला कवचच नवं वाटतं. म्हणून मोझिलाचं भांडार नुसतं जोडून भागत नाही, त्याला पिन-प्रायॉरिटी (कोणत्या भांडाराला प्राधान्य द्यायचं हे ॲप्टला सांगणारा आकडा) १००० द्यावीच लागते. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग दोष मशीनला देतात. माझ्या मते वापरणाऱ्याला हे पडद्यावर स्पष्ट सांगायला हवं होतं.

आणि कळकळीने सांगतो, स्नॅप काढण्याआधी होम फोल्डरमधल्या ‘स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन’ची प्रत घ्या. तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड तिथेच आहेत.