आजोबांच्या दुनाळीची किंमत

आजोबांच्या दुनाळीची, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीची, किंमत कशी ठरवायची, असा प्रश्न आहे. दरवर्षी दहा टक्के घट धरा, असा सल्ला कुणी दिला तर तो बंदुकीला लावू नका. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतल्या या विलायती बारा बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदुकीचं वय गौण आहे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास बंद असल्याने चांगल्या विलायती नळीला मागणी टिकून आहे. भाव ठरतो तो नळीवर.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून परवानाधारक विक्रेत्याकडे ती उघडायला लावा. नळीतून उजेडाकडे बघा: आतली वर्तुळं अखंड दिसायला हवीत. एखादं मोडलं तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके तेलाने पुसून गेले तर तो मळ. राहिले तर गंजाचे खड्डे, आणि तेही चेंबरजवळ (काडतूस बसतं तिथे) असतील तर भाव निम्म्यावर आला तरी नवल नाही. मग पुढचं लाकूड काढून नळ्या हलवा. खडखड आली तर बिजागरी झिजली आहे, दुरुस्ती महाग. दस्त्याची मानही तपासा, चीर तिथेच पडते.

नवं पॉलिश पाहून भुलू नका, खड्डे त्याखालीच लपवतात.

आणखी एक: शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे साध्या देशी दुनाळ्यांना गिऱ्हाईक कमी. दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्या.