ईव्हीला 'ईव्ही टायर'च लागतो का? पुढचे दोन गेलेत

शांत_सुसाट:
मंडळी सल्ला हवाय. गाडी ईव्ही, फ्रंट व्हील ड्राइव्ह, चार वर्षं झाली, ३१ हजार किमी आणि पुढचे दोन्ही टायर संपले. आधीच्या पेट्रोल गाडीला एक सेट ५० हजाराच्या पुढे आरामात जायचा. बाहेरून नक्षी बरी दिसत होती हो, परवा स्टिअरिंग पूर्ण वळवून आतून हात फिरवला तर आतली कड पार गोटा, एका जागी तर तार बोटाला टोचली. साइज २१५/५५ आर१७ ९८डब्ल्यू एक्सएल. एक टायरवाला म्हणतो याच साइजमध्ये ९४व्ही पडलाय तो टाका, ईव्ही टायर वगैरे काही नसतं. दुसरा म्हणतो ईव्ही लिहिलेलाच घ्या नाहीतर रेंज बोंबलली म्हणून समजा. कोणाचं ऐकू? मागचे अजून ५ मिमी आहेत, ते राहू देऊ ना?

नट_बोल्ट:
पहिला अर्धा बरोबर आहे, पण उरलेला अर्धा महागात पडेल. ईव्ही लिहिलेलं नसलं तरी चालतं, पण ९४ अजिबात घेऊ नका. तो लोड इंडेक्स आहे. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलणार, ९८ म्हणजे ७५०, म्हणजे चार टायर मिळून ३२० किलोचा फरक, आणि तुमच्या गाडीत नुसती बॅटरीच त्याच्या आसपास किंवा जास्त वजनाची असेल. गंमत अशी की साइज तोच असल्यामुळे रिमवर मस्त बसतो, बघून कोणालाच कळत नाही. एक्सएल म्हणजे आतला सांगाडा दणकट, तो जास्त हवेवर जास्त वजन घेतो, त्यामुळे हवा पण दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ठेवा, जुन्या गाडीच्या सवयीने नाही. व्ही २४० च्या वेगाला आणि डब्ल्यू २७० ला, तेवढी कोण पळवतंय, तरी कंपनीने दिलंय त्याच्या खाली उतरू नये.

आणि आतलीच कड गेलीय म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय, टो, म्हणजे चाकांची तोंडं सरळ आहेत की आत-बाहेर वळलीत, ते तपासून घ्या. नाहीतर नवीन टायर पण तसेच खाल्ले जातील आणि मग इथे येऊन कंपनीला शिव्या घालाल.

खवट_काका:
अलाइनमेंट ठीक आहे पण उजव्या पायाचं पण बघा की. ईव्हीला टॉर्क शून्यापासून मिळतो, सिग्नलला दाबला की पुढची चाकं रबर खरवडतात, वर रेजेनचं ब्रेकिंग (पाय काढला की मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते ते) पण त्याच चाकांवर. आमच्या चिरंजीवांनी स्पोर्ट मोडमध्ये असेच दोन टायर वर्षभरात संपवले.

किलोमीटर_मोजणारी:
रेंजबद्दल माझा अनुभव सांगते. नवे टायर टाकले आणि आठवडाभर मी आकडे बघून रडकुंडीला आले होते, खप सरळ वाढलेला. नंतर कळलं की यातलं बरंच होतंच. घासलेला टायर हलका फिरतो कारण रबर पातळ झालेलं असतं, नव्याची जाड नक्षी प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यात वीज जाते. दुसरं म्हणजे मीटरच फसवतो. तुमच्या साइजचा नवा टायर साधारण ६६८ मिमी व्यासाचा, ५ मिमी नक्षी घासली की व्यास १० मिमीने कमी, म्हणजे दीड टक्का. जुन्या टायरवर चाक जास्त फिरायचं आणि गाडी ४०० दाखवायची तेव्हा खरे ३९४ च झालेले असायचे. म्हणजे मधले सहा किमी कधी नव्हतेच आणि मी ते नव्या टायरच्या नावावर टाकत होते 😅

घेताना रोलिंग रेझिस्टन्स बघा, म्हणजे टायर फिरताना किती ऊर्जा खातो ते. युरोपच्या लेबलवर ए ते ई असे ग्रेड असतात आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वेगळा ग्रेड असतो. साधा टायर सुद्धा दोन्हीत चांगला निघू शकतो आणि ईव्ही लिहिलेला पण पावसात मध्यम निघू शकतो. मी रेंजला बी घेतला पण पकडीला ए च घेतला, पाच-दहा किमी गेले तर गेले.

शांत_सुसाट:
बापरे ९४ जवळजवळ बुक केला होता, धन्यवाद. आता ९८ च बघतो. जुना टायर काढला तर आत राखाडी स्पंजचा पट्टा चिकटवलेला निघाला, हे काय प्रकरण?

नट_बोल्ट:
तो आवाजासाठी. टायरच्या आतली हवा घुमते, इंजिन नसल्यामुळे ईव्हीत ती घूं घूं जास्त ऐकू येते, फोम ती दाबतो. रेंजशी संबंध नाही. मी बिनफोमचे टाकले, खडबडीत रस्त्यावर फरक कळतो, गुळगुळीत रस्त्यावर नाही. फोमवाल्याचं पंक्चर काढताना तेवढा भाग खरवडावा लागतो आणि काही जण हातच लावत नाहीत, तेव्हा आधी तुमच्या पंक्चरवाल्याला विचारा.

आणि हो, दोनच घेताय तर नवे मागे टाका, मागचे ५ मिमीवाले पुढे आणा.

शांत_सुसाट:
उलटं नाही का? ओढतात तर पुढचे.

खवट_काका:
सगळ्यांना उलटंच वाटतं. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि मग ती तुमच्या हातात नसते.

शांत_सुसाट:
पटलं. आज टाकले, ९८डब्ल्यू एक्सएल, फोम नाही, नवे मागे, अलाइनमेंट पण करून घेतलं, टो खरंच बाहेर होता. पोरगा जॅक सरळ मधोमध बॅटरीखाली लावायला निघालेला, ओरडलोच, मग कडेच्या पॉइंटला रबरी ठोकळा ठेवून उचलली.

किलोमीटर_मोजणारी:
बरं केलंत. स्टेपनी नसेल तर डिकीतल्या पंक्चर किटच्या बाटलीवरची तारीख पण बघून घ्या.

शांत_सुसाट:
आत्ता खाली जाऊन बघितली. गेल्या वर्षीच संपलीय 🤦