जन्मतः शौचाची जागा नसलेली मुलं: पहिलीत घालण्याआधी रोजचा एनिमा सुरू करावा, की वाट बघावी?

कराडची आत्या
माझा भाचा पाटण तालुक्यातला. जन्मला तेव्हा शौचाची जागाच नव्हती, आतडं आतल्या आत लघवीच्या नळीला जोडलेलं. लगेच आतड्याचं तोंड पोटावर काढून शीसाठी पिशवी लावली. पुढे पुण्याला जागा तयार करायचं ऑपरेशन झालं, मग पिशवी बंद केली. घरच्यांना वाटलं, सुटलो. आता जूनमध्ये पोरगं पहिलीत जाणार आणि दिवसभर थोडी थोडी शी चड्डीत होतेय. झालेली त्याला कळतही नाही. अंगणवाडीत असताना वहिनी जादा कपडे घेऊन बाहेर बसायची.
सर्जन म्हणतात, रोज ठरल्या वेळी एनिमा द्या. मोठं आतडं एकदा नीट धुतलं गेलं की पुढचा मळ खाली यायला साधारण एक दिवस लागतो, तेवढा वेळ पोरगं स्वच्छ राहतं. दादा म्हणतो सवय लागेल, मोठा झाला की त्याचं त्याला कळेल.
माझं मत सरळ आहे. ऑपरेशनने जागा होते, पण मळ धरून ठेवणारे स्नायू आणि नसा जन्मतः कच्च्या असतील तर त्या नव्या येत नाहीत. मग वाट कशाची बघायची? शाळेत पोरं नाक धरायला लागली की पोरगं दप्तर टाकून घरी बसणार. एनिमा आत्ताच, मे महिन्यात सुरू करा.

कृष्णाकाठ
मी तुमच्या दादाच्या बाजूचा. आमच्या मुलीलाही जन्मतः हाच दोष, आम्ही सांगलीचे. आम्हालाही एकाने एनिमाच सांगितला होता. नाही दिला. रोज जेवण झालं की तिला बसवायचं, पोट साफ राहील असं औषध द्यायचं. आज ती चौथीत आहे आणि चड्डी कोरडी असते.
दुसरी गोष्ट म्हणजे त्या जागेची मुलांना आधीच दहशत असते. ऑपरेशननंतर जागा आखडू नये म्हणून महिनोन्‌महिने सळई घालून रुंद करावी लागते, ते रडणं मी ऐकलंय. ते संपतंय तोवर पुन्हा रोज नळी? चौघांनी धरून एनिमा दिलेलं पोर शाळेत स्वच्छ जाईल, पण मनातून काय होऊन जाईल?

मिरजेची सिस्टर
लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून बोलते. दादा, तुमच्या मुलीची जागा खाली, त्वचेजवळच उघडत होती का? त्या प्रकारात जवळजवळ सगळीच मुलं पुढे ताबा मिळवतात, त्यांना फक्त बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. आतडं मूत्राशयाच्या तोंडाशी उघडत असेल तर मात्र ताबा मिळणारी मुलं फार थोडी. आत्याबाईंचा भाचा यांच्या मधे कुठेतरी. सगळे प्रकार धरले तर ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण ७५ टक्के मुलं स्वतःहून शी करू शकतात, त्यातल्याही निम्म्यांची चड्डी अधूनमधून डागाळते. उरलेल्या २५ टक्क्यांना ताबा नसतोच. तेव्हा तुमच्या मुलीवरून त्या पोराचं ठरवू नका. तिच्यावरून एवढंच कळतं की तिचे स्नायू चांगले होते.
माकडहाडाच्या वरचं हाड, ज्याला सेक्रम म्हणतात, ते पूर्ण वाढलंय का आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खाली अडकलेला नाही ना, हे बघितलंय का? सेक्रम अर्धवट असेल तर ताब्याची आशा कमी.
आणि आत्याबाई, तुम्हीही जरा थांबा. आधी पोटाचा साधा एक्स-रे काढा. आतडं मळाने गच्च भरलं असेल तर त्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि घरच्यांना वाटतं जुलाब होतायत. अशा पोराचं आतडं आधी मोकळं करावं लागतं, मग सोनामुखीचं औषध त्याला लागू पडेल इतक्या डोसात. त्यातल्या काहींना नंतर एनिमा लागतच नाही, कारण मुळात ताबा असतो. उलट ज्यांचं मोठं आतडं आखूड किंवा फार चपळ असतं त्यांना पातळच होते. तिथे एनिमा कमी, पण लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची चाल मंद करणारं औषध, आणि खाण्यावर बंधन. दोन्ही मुलांची चड्डी सारखीच दिसते, उपचार मात्र अगदी उलटे. शेजारच्या पोराचं औषध आणून दिलं तर घोटाळा होतो तो इथेच.

माणदेशी
सगळं खरं, पण ही पुण्या-मुंबईची चैन वाटते. नळी घालायची, पाणी सोडायचं, मग पाऊण-एक तास पोराला संडासावर बसवायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. संडास एक आणि माणसं नऊ. ऊसतोडीला गेलेल्या बाईने फडावर हे कुठे करायचं? शिवाय मेडिकलमधली ती तयार बाटली रोज घ्यायची म्हटलं तर मजुरीच संपली.

मिरजेची सिस्टर
ती बाटली तर रोज मुळीच नको. त्यातलं फॉस्फेट लहान पोरांच्या रक्तात जाऊन कॅल्शियम खाली आणतं, आणि या मुलांच्या किडनीतही बऱ्याचदा दोष असतो. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ, झालं सलाईन. मीठ विसरून नुसतं पाणी मात्र कधीच नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. किती मिली द्यायचं ते सर्जन ठरवतात आणि आठवडाभर रोज एक्स-रे बघून कमीजास्त करतात. हा आठवडाच खरा उपचार. कागदावर ‘एनिमा रोज’ लिहून घरी पाठवलं तर तो फसणारच, आणि मग लोक म्हणतात एनिमाने काही होत नाही. पाणी बाहेर गळत असेल तर फुगा असलेली नळी वापरतात, ती कशी धरायची ते आईला हाताने करून दाखवावं लागतं.
फडावरचं म्हणाल तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

हळदबाजार
सांगलीत यार्डात कामाला आहे. मी स्वतः असा जन्मलेला. एनिमाने मला शाळा दिली हे मान्यच. पण आत्या, तुम्ही फक्त पहिलीचा विचार करताय. पुढे बारा-तेरा वर्षांच्या पोराला रोज आईसमोर पालथं झोपायचंय. मी त्या वयात भांडी फेकायचो. मग अपेंडिक्सचं एक टोक बेंबीत आणून बसवलं. मॅलोन नावाच्या सर्जनने १९९० मध्ये ही पद्धत मांडली. आता बेंबीतून बारीक नळी घालतो, संडासावर बसूनच पाणी वरून सोडतो, कुणाची मदत नाही. रात्री करतो, दिवसभर हमाली केली तरी काळजी नसते. माझं म्हणणं, पोराला आठ-दहा वर्षं छळण्यापेक्षा ते ऑपरेशन लवकर करा.

मिरजेची सिस्टर
लवकर म्हणजे किती? खालून दिलेल्या एनिमाने पोरगं स्वच्छ राहतं हे सिद्ध झाल्याशिवाय चांगला सर्जन त्याला हात लावत नाही. पाणी तेच, फक्त रस्ता बदलतो. बेंबीतलं भोक आखडतं, कधी गळतं, परत दुरुस्ती लागते. पोरगं स्वतः मागेल तेव्हा करावं.

हळदबाजार
माझं भोक दोनदा आखडलं, खरंय. तरी मी परत तेच निवडेन.

झेडपीचा मास्तर
जत तालुका. वर्गात अशी मुलं येतात आणि आम्हाला कोणी सांगत नाही. मग ‘वास येतो’ म्हणून पोरं बाक बदलतात आणि आम्ही त्यालाच ओरडतो, धुऊन ये जा. एनिमा द्या न द्या, पहिल्या दिवशी गुरुजींना कानात सांगा. कपड्यांचा एक जोड ऑफिसच्या कपाटात राहील.

कराडची आत्या
गुरुजी, तुमच्यासारखा असेल तर. आमच्या गावात गुरुजींना सांगितलं की संध्याकाळी पारावर चर्चा. उद्या त्याच्या लग्नाच्या वेळी काढतील. मी नाही सांगणार.

झेडपीचा मास्तर
न सांगता जास्त चर्चा होते, ताई. चड्डी भरलेली दिसायची राहत नाही.

कृष्णाकाठ
सिस्टर, आमच्या मुलीची जागा खालीच होती, बरोबर ओळखलंत. पण सवयीचं तुम्ही बोलला नाहीत. एकदा रोज धुवायला लागलं की स्वतः करायचा प्रयत्न पोर कशाला करेल?

मिरजेची सिस्टर
म्हणून दर वर्षी मेच्या सुट्टीत एनिमा थांबवून बघतात. ज्याचा प्रकार आणि सेक्रम बरं आहे त्याला औषधावर ठेवून संडासला बसायला शिकवतात. जमलं तर एनिमा बंद. नाही जमलं तर जूनला परत सुरू, शाळेत फजिती नाही. सुट्टीत फसलं तर घरातच फसतं.

कृष्णाकाठ
हे पटण्यासारखं आहे. मग आत्या, याच मेमध्ये एनिमाशिवाय एक महिना द्या की पोराला. आधीच शिक्का कशाला?

कराडची आत्या
एक्स-रे आधी काढतो, तो गच्च निघाला तर तुमचं ऐकू. मोकळा निघाला आणि तरी गळत असेल तर महिना घालवणार नाही. दादाला हा धागा वाचायला दिलाय. तो फक्त माणदेशींचं वाचून ‘बघ’ म्हणाला. सिस्टर, फुगा असलेली नळी मिरजेत कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळेल का, की नंबर सांगावा लागतो?